दुसऱ्या चालीची किंमत

राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे, काळ्याचे तेच उत्तर, आणि लगेच दुसऱ्या चालीत पांढरा राजाच्या उंटापुढचे प्यादे उचलून एफ४ या घरात, म्हणजे काळ्याच्या प्याद्याच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवतो. (पटाचे उभे रकाने, म्हणजे पट्ट्या, ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८; त्यांवरून घराचे नाव ठरते.) बुद्धिबळात याला किंग्ज गॅम्बिट म्हणतात. स्पर्धेच्या दालनात ही चाल पडली की शेजारच्या पटावरचा खेळाडूही क्षणभर मान वळवून पाहतो, कारण आता या डावात काहीतरी घडणार, निदान कोणाचा तरी राजा उघडा पडणार, हे त्याला ठाऊक असते. स्पेनचे धर्मगुरू रुय लोपेझ यांनी १५६१ च्या आपल्या ग्रंथात या सुरुवातीची चर्चा केली होती, आणि तेव्हापासून साडेचार शतकांहून अधिक काळ ती कधी मिरवत, कधी हिणवली जात पटावर टिकून राहिली आहे. आज प्रत्येक खेळाडूच्या खिशातल्या फोनमध्ये जगज्जेत्याहून बलवान इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी संगणक प्रणाली, आहे आणि ते इंजिन या चालीला सरळ सरळ नाक मुरडते. असे असताना ही सुरुवात खेळावी का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिकणाऱ्या मुलांना ती शिकवावी का, यावर आपल्या बुद्धिबळवर्तुळात नेहमी वाद होतो. माझे उत्तर होय असे आहे. परंतु तिचे बहुतेक चाहते ज्या कारणांनी तिचे कौतुक करतात ती कारणे मला पटत नाहीत, आणि तिच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा ते स्वतःच क्वचित मांडतात.

प्रथम या चालीत नेमके काय दिले जाते ते पाहिले पाहिजे. गॅम्बिट हा शब्द इटालियन भाषेतल्या पायाला टांग मारून पाडण्याच्या डावावरून आला आहे. कुस्ती पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको, कारण टांग मारणाऱ्या मल्लाला स्वतःचा एक पाय जमिनीवरून उचलावा लागतो आणि डाव फसला तर आधी तोच आडवा होतो. किंग्ज गॅम्बिटमध्ये जमिनीवरून उचललेला तो पाय म्हणजे पांढऱ्याचा राजा होय. वजिराच्या बाजूच्या प्रसिद्ध गॅम्बिटमध्ये दिलेले प्यादे पांढऱ्याला बहुधा विनासायास परत मिळते, म्हणून त्याला गॅम्बिट म्हणणे हेच थोडे शोभेचे आहे. एव्हान्स गॅम्बिटमध्ये दिलेले बी पट्टीतले प्यादे पांढऱ्याच्या राजापासून दूर असते. एफ प्यादे मात्र राजाच्या अंगावरचे पांघरूण आहे. ते निघाले की एच४ कडून ई१ कडे येणारा तिरका रस्ता उघडतो, आणि किल्लेकोट केल्यावर, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेल्यावर, तो ज्या जी१ घरात जाणार तिथपर्यंत काळ्याच्या उंटाला थेट वाट मिळते. म्हणून ‘पांढरा एक प्यादे देतो आणि त्याबदल्यात वेळ मिळवतो’ हे नेहमीचे वर्णन अपुरे आहे. प्यादे परत मिळू शकते, पण राजासमोरचे भगदाड डाव संपेपर्यंत तसेच राहते.

ही किंमत एकोणिसाव्या शतकातल्या खेळाडूंना दिसत नव्हती असे नाही. ती वसूल करण्याची कला तेव्हा प्रगत झालेली नव्हती आणि समोरच्याने दिलेला बळी नाकारणे हे काहीसे भेकडपणाचे मानले जाई. १८५१ मध्ये लंडनला आंडरसेन आणि किझरिट्स्की यांच्यात झालेला आणि पुढे ‘अमर डाव’ म्हणून गाजलेला डाव याच सुरुवातीचा आहे. आंडरसेनने त्यात एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर दिला आणि उरलेल्या लहान मोहऱ्यांनी मात केली. तो डाव सुंदर आहे याबद्दल वाद नाही. परंतु तो स्पर्धेतला नव्हता, गंमत म्हणून खेळलेला होता, आणि काळ्याने त्यात इतके लोभीपणाने खेळून दिले की त्यावरून सुरुवातीची गुणवत्ता ठरवणे म्हणजे लग्नाच्या वरातीवरून घोड्याची शर्यतीतली चाल ठरवण्यासारखे आहे. पुढे पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ याने बळी स्वीकारावा, शांतपणे बचाव करावा आणि वेळ आली की जादा मोहरा परत देऊन आपली स्थिती सावरावी हे तंत्र रूढ केले, आणि या सुरुवातीचा सुवर्णकाळ तिथेच ओसरू लागला. १९०३ मध्ये व्हिएन्नाला आणि १९१२ मध्ये आबात्सियाला अशा स्पर्धा भरवाव्या लागल्या की ज्यांत प्रत्येक डाव स्वीकृत, म्हणजे काळ्याने प्यादे घेतलेल्या, किंग्ज गॅम्बिटनेच सुरू करण्याचे बंधन होते. पहिली चिगोरिनने जिंकली, दुसरी श्पीलमानने. एखादी गोष्ट खेळायला नियमाने भाग पाडावे लागते तेव्हा तिची प्रकृती कशी असते हे वेगळे सांगायला नको. स्वतः श्पीलमानने, जो या सुरुवातीचा सच्चा भक्त होता, पुढे तिच्यावर जो लेख लिहिला त्याच्या शीर्षकातच तिला रुग्णशय्येवर झोपवले होते.

तरीही या वादातले सर्वांत बोलके प्रकरण पुढच्या काळातले आहे. १९६० मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता येथील स्पर्धेत सतरा वर्षांचा बॉबी फिशर काळ्या मोहऱ्यांनी बोरिस स्पास्कीसमोर बसला. स्पास्कीने एफ४ खेळले, फिशरने प्यादे घेतले, ते जी५ ने राखले आणि डावाच्या मधल्या टप्प्यात त्याची बाजू चांगलीच वरचढ होती. असे असूनही तो एकोणतिसाव्या चालीला हरला. त्या स्पर्धेत दोघांनी संयुक्त पहिला क्रमांक मिळवला, पण फिशरचा संपूर्ण स्पर्धेतला तो एकमेव पराभव होता, आणि तो त्याच्या मनाला लागला. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन त्रैमासिकात त्याने लेख लिहिला आणि किंग्ज गॅम्बिट मोडीत निघाला आहे, त्यात पांढरा सक्तीने हरतो, असे जाहीर केले. त्याचा उपाय होता तिसऱ्या चालीला डी६. या साध्या चालीने काळा पांढऱ्याच्या घोड्याला ई५ हे घर मिळू देत नाही. त्यानंतर जी५ आणि जी४ अशी प्यादी पुढे आली की घोड्याची पंचाईत होते. विचार पक्का होता आणि आजही तो बचाव आदराने खेळला जातो. ‘सक्तीने हरतो’ हा भाग मात्र सतरा-अठरा वर्षांच्या दुखावलेल्या प्रतिभेचा होता.

गंमत पुढे आहे. १९६३ च्या अखेरीस सुरू झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत, जी फिशरने अकरा डावांत अकरा गुण मिळवून जिंकली, त्याने लॅरी एव्हान्सविरुद्ध स्वतःच किंग्ज गॅम्बिट खेळला आणि जिंकला. या वेळी तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी४ वर आणला, काळ्या वजिराचा शह पत्करला आणि राजा एफ१ ला सरकवून किल्लेकोटावर पाणी सोडले. पुढेही त्याने तो खेळला. ज्या माणसाने या सुरुवातीचा मृत्युलेख लिहिला तोच तिला पुन्हा पटावर घेऊन आला, हे मी त्याचा दांभिकपणा म्हणून सांगत नाही. सुरुवात ‘खरी’ आहे की नाही आणि ती ‘खेळावी’ की नाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्याला लेख लिहिताना नव्हे, पण पटासमोर बसल्यावर पक्के कळले होते. आपल्या वादात हे दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळले जातात आणि मग बोलणाऱ्यांचा आवाज वाढतो, मुद्दा मात्र जागीच राहतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता बऱ्यापैकी मिळाले आहे. आरंभस्थितीत पांढऱ्याची बाजू किंचित चांगली असते. एफ४ नंतर काळ्याने प्यादे घेतले की आजची बलवान इंजिने, खोली आणि आवृत्तीप्रमाणे थोडाफार फरक धरून, काळ्याला अर्ध्या ते पाऊण प्याद्याच्या आसपास वरचढ दाखवतात. म्हणजे एकाच चालीत पांढऱ्याने पहिल्या चालीचा फायदा घालवला आणि वर थोडे कर्जही केले. विरोधक इथे थांबतात आणि वाद मिटला असे समजतात. परंतु या आकड्याचा अर्थ समजून न घेता तो तोंडावर फेकणे हे ताप किती आहे ते सांगून रोगाचे निदान झाले असे म्हणण्यासारखे आहे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या स्टॉकफिश या इंजिनाच्या १५.१ या आवृत्तीपासून या आकड्याला ठरीव अर्थ देण्यात आला आहे. एक पूर्ण अंकाची आघाडी म्हणजे ते इंजिन स्वतःशीच खेळले तर आघाडीवरच्या बाजूला जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. त्याहून कमी आघाडी म्हणजे जिंकण्याची शक्यता अर्ध्याहून कमी आणि उरलेले डाव जवळजवळ सगळे बरोबरीत. ज्या इंजिनासमोर जगातला कोणताही माणूस टिकत नाही, त्याने स्वतःच्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध बहुधा बरोबरीत सोडवलेली स्थिती ‘हरलेली’ कशी म्हणायची? फिशरच्या सक्तीच्या पराभवाला आधुनिक यंत्रानेही दुजोरा दिलेला नाही. २०१२ मध्ये एप्रिल फूलच्या निमित्ताने मात्र एका बुद्धिबळ संकेतस्थळाने मुलाखतीच्या रूपात बातमी दिली होती की संगणकांच्या ताफ्याने किंग्ज गॅम्बिट पूर्णपणे सोडवला असून तिसऱ्या चालीला उंट ई२ एवढीच एक चाल पांढऱ्याला वाचवते. ती थट्टा आहे हे न ओळखता अनेक जाणत्यांनी ती खरी मानली. लोकांना या सुरुवातीचा मृत्यू ऐकायची किती घाई असते त्याचा तो पुरावा म्हणायला हरकत नाही.

तेव्हा विरोधकांचा खरा मुद्दा इंजिनाच्या आकड्यात नाही. तो आहे ज्ञानाच्या असमान वाटणीत, आणि मला तो अतिशय वजनदार वाटतो. जोखमीच्या सुरुवातीचे समर्थन साधारणपणे असे केले जाते की प्रतिस्पर्ध्याला आडरानात नेऊ, तिथल्या वाटा आपल्याला ठाऊक असतील आणि त्याला नसतील. किंग्ज गॅम्बिटमध्ये हे घडतेच असे नाही. काळ्याने तिसऱ्या चालीला डी५ खेळून मध्य उघडला, पांढऱ्याच्या प्याद्याने ते घेतले आणि काळ्याने घोडा एफ६ वर आणला, की अवघ्या चार चालींत त्याच्यापुढे सोपी, स्वाभाविक मांडणी उभी राहते. मोहरे बाहेर काढा, किल्लेकोट करा, जादा प्यादे परत द्यावे लागले तर द्या. यासाठी त्याला काही पाठ करावे लागत नाही. त्याहून आधी, दुसऱ्याच चालीला डी५ खेळणारा फाल्कबेअरचा प्रतिगॅम्बिट आहे. प्यादे नाकारून उंट सी५ वर आणण्याचा मार्गही आहे, आणि तिथे पांढऱ्याने न पाहता ई५ वरचे प्यादे मारले तर वजीर एच४ वर शह देतो. राजा ई२ वर गेला तर चौथ्याच चालीला मात होते आणि जी३ खेळले तर हत्ती जातो. उलट पांढऱ्याला या प्रत्येक फाट्याची नीट तयारी करावी लागते, शिवाय जी५ चे मुख्य युद्ध, डी६ चा फिशर बचाव आणि वजिराचा शह हे सगळे वेगळेच. म्हणजे आडरानात नेतो म्हणणाऱ्याने स्वतःच दहा वाटांचा नकाशा जवळ ठेवायचा आणि पाहुण्याने एकच पायवाट पकडून बाहेर पडायचे. सापळ्याच्या आशेने, दोन चित्रफिती पाहून, ही सुरुवात खेळणाऱ्याला या हिशेबात नुकसान ठरलेले आहे, आणि त्याने ती खेळू नये असे मी स्पष्ट म्हणेन.

सर्वोच्च पातळीवरचे दाखलेही हेच सांगतात. मॅग्नस कार्लसनने २०१० मध्ये रुमानियातल्या मेदियाश येथील स्पर्धेत वांग युए याच्याविरुद्ध किंग्ज गॅम्बिट खेळला आणि जिंकला, हे समर्थक अभिमानाने सांगतात. त्या डावात काय झाले तेही सांगावे. वांगने डी५ खेळून मध्य मोकळा केला, कार्लसनने दहाव्या चालीला गॅम्बिटचे प्यादे उंटाने निमूटपणे परत घेतले आणि पुढे आपल्या नेहमीच्या चिवट शैलीत दीर्घ डाव काढला. राजावर झंझावाती हल्ला त्यात नव्हता. कास्पारोव्हने १९९५ मध्ये रिगा येथे एव्हान्स गॅम्बिट काढून विश्वनाथन आनंदला पंचवीस चालींत हरवले. ते धक्कातंत्र होते आणि धक्का एकदाच बसतो. आपल्या जवळचा दाखला आणखी ताजा आहे. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या, २०२४ च्या टोरांटोतल्या कँडिडेट्स स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत नाशिकच्या विदित गुजराथीच्या रुय लोपेझ सुरुवातीला प्रज्ञानंदने काळ्या मोहऱ्यांनी तिसऱ्याच चालीत एफ५ असे उत्तर दिले. किंग्ज गॅम्बिटच्या कल्पनेचा हा काळ्या बाजूने केलेला चुलतप्रकार, आणि त्यात काळ्याची एक चाल मुळातच मागे असल्याने कागदावर त्याहूनही संशयास्पद. विदित हरला. एका मराठी चाहत्याच्या नात्याने मला तो डाव पाहताना वाईट वाटले, पण या लेखाच्या बाजूने तो साक्ष देतो. जागतिक अजिंक्यपदाच्या दारापाशी, प्रत्येकाच्या दिमतीला मदतनीस आणि इंजिने असताना, संशयास्पद सुरुवातीने पूर्ण गुण मिळवून दिला. मात्र प्रज्ञानंदने ती घरी कसून तयार करून आणली होती आणि नेमक्या एका प्रतिस्पर्ध्यासाठी राखून ठेवली होती. ती त्याची रोजची भाकर नव्हती.

आता मुलांचा प्रश्न. शनिवारी-रविवारी मुलांना शिकवताना मला पालकांकडून एक वाक्य ठरलेल्या अंतराने ऐकू येते, की असल्या सुरुवाती नकोत, रेटिंग जाईल. अनेक वर्गांत मुलांना सुरुवातीलाच लंडन पद्धतीची तीच ती मांडणी दिली जाते, कारण तीत सहसा काही बिघडत नाही. या भीतीचा हिशेब एकदा मांडून पाहू. जागतिक महासंघाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या खालच्या खेळाडूचा के गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा आकडा, ४० असतो. म्हणजे आपल्याच ताकदीच्या खेळाडूकडून हरल्यास वीस गुण जातात आणि जिंकल्यास वीस मिळतात. समजा एका मुलाने वीस डाव खेळले. त्यांतले दहा पांढऱ्या मोहऱ्यांचे. त्या दहांपैकी ई४ ला ई५ असे उत्तर देणारे किती भेटतील? सिसिलियन, फ्रेंच आणि कारो-कान खेळणारे वजा केले तर चार धरू. आता वादासाठी मान्य करू की किंग्ज गॅम्बिटमुळे दर डावामागे पाच टक्के गुण कमी मिळतात. चार डावांत एकूण शून्य पूर्णांक दोन गुण गेले, त्याला चाळिसाने गुणले, तर आठ रेटिंग गुण. वीस डाव म्हणजे दोन-तीन स्पर्धांचे प्रवास, राहण्याचा खर्च, शाळेच्या बुडालेल्या तासिका. तेवढ्या सगळ्यात आठ गुणांची चिंता करायची आणि त्याच मुलाने घाईत घड्याळ दाबून घालवलेल्या पूर्ण डावांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, याला काटकसर म्हणता येणार नाही.

त्या आठ गुणांच्या बदल्यात काय मिळते ते मात्र मोजता येत नाही, म्हणून ते सांगताना सावध राहिले पाहिजे. ‘आक्रमकता अंगी बाणते’ असे मोघम बोलण्यात अर्थ नाही. मला दिसलेले फायदे याहून नेमके आहेत. मोकळी एफ पट्टी, सी४ वरचा उंट आणि एफ७ हे घर यांचे नाते मूल नियम म्हणून ऐकते तेव्हा विसरते. स्वतःच्या डावात प्यादे देऊन विकत घेतलेली पट्टी ते विसरत नाही. दुसरे, किल्लेकोट न करता राजा एफ१ वर ठेवून खेळावे लागले की राजाची सुरक्षितता ही ठरावीक चालीने उरकायची बाब नसून प्रत्येक चालीला तपासायची बाब आहे हे कळते. तिसरा फायदा सगळ्यांत दुर्लक्षित आहे. हल्ला विरला, वजिरांची मारामारी झाली आणि हातात एक प्यादे कमी उरले, तर आता काय? गॅम्बिट खेळणाऱ्याला ही वेळ वारंवार येते, आणि तिथे टिकून राहून बरोबरी खेचायला शिकलेला खेळाडू पुढे कोणत्याही सुरुवातीत सहज मोडत नाही. सुरक्षित मांडणीत वाढलेल्या मुलाला पहिली वाईट स्थिती वाट्याला येते ती बहुधा बलवान प्रतिस्पर्ध्यासमोर, आणि तेव्हा ते शिकायला उशीर झालेला असतो.

इथे या सुरुवातीबद्दलचा एक गैरसमजही दूर करायला हवा. तिला स्वप्नाळू, केवळ बळींच्या आतषबाजीची सुरुवात समजतात. मुख्य फाट्यात, काळ्याने जी५ ने प्यादे राखल्यावर पांढरा एच४ खेळून ती साखळी तोडतो, जी४ च्या उत्तराला घोडा ई५ वर बसवतो, आणि मग पुष्कळदा वजीर लवकर पटावरून जातात. तरीही पांढऱ्याची स्थिती कोसळत नाही, कारण काळ्याची राजाच्या बाजूची प्यादी विस्कटलेली असतात आणि पांढऱ्याकडे मध्यात भक्कम प्यादी उरतात. हा हिशेब हल्ल्याचा नाही, मांडणीचा आहे, आणि तो एंडगेमपर्यंत जातो. किझरिट्स्कीच्या नावाने ओळखला जाणारा हा फाटा स्पास्कीने मार देल प्लाताला खेळला होता. हल्लेखोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने तो निवडला यात त्याची बुद्धिबळाची समज दिसते, धाडस नंतर.

त्याच स्पास्कीचा त्याच वर्षी लेनिनग्राडला ब्रॉन्स्टाइनविरुद्ध झालेला डाव मी मुलांना मुद्दाम दाखवतो. पंधराव्या चालीला स्पास्कीने घोडा डी६ वर झोकून दिला, स्वतःचा हत्ती मारला जाऊ दिला, आणि तेवीस चालींत डाव संपवला. नंतरच्या विश्लेषणात असे दिसले की ब्रॉन्स्टाइनने तो घोडा उंटाने मारला असता तर काळ्याची बाजू तगली असती. त्याने तसे केले नाही, कारण घड्याळ चालू असताना, उघड्या राजासमोर, ती वाट जगातल्या सर्वांत कल्पक खेळाडूंपैकी एकालाही दिसली नाही. मुले हा डाव पाहिल्यावर दोन गटांत पडतात. एक गट म्हणतो चाल चुकीची होती, दुसरा म्हणतो जिंकली म्हणजे बरोबर होती. दोन्ही गटांना मी काळ्याच्या बाजूने बसवतो आणि बचाव शोधायला सांगतो. एरवी दहा मिनिटे एका जागी न बसणारी मुले त्यावर अर्धा तास घालवतात.

एक आक्षेप उरतो आणि तो प्रामाणिक आहे. हे सगळे शिकवायचे तर थोड्या कमी जोखमीच्या मार्गाने का नको? व्हिएन्ना सुरुवातीत दुसऱ्या चालीला घोडा सी३ वर आणून, काळ्याचा घोडा एफ६ वर आल्यानंतर एफ४ खेळता येते. तिथे काळ्याने प्यादे घेतले तर ई५ च्या धक्क्याने त्याच्या घोड्याला माघारी जी८ वर जावे लागते, म्हणून त्याला डी५ खेळावेच लागते आणि डाव समतोल राहतो. राजाच्या बाजूची एफ पट्टी उघडण्याची कल्पना तीच, दर मात्र बराच कमी. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. १८००-२००० रेटिंगच्या पलीकडे गेलेल्या आणि निकालाला खरोखर किंमत असलेल्या खेळाडूला मी स्वतःच व्हिएन्नाकडे वळवतो, आणि किंग्ज गॅम्बिट एखाद्या नेमक्या प्रतिस्पर्ध्यासाठी राखून ठेवायला सांगतो. पण बारा-चौदा वर्षांच्या, १५०० च्या आसपास खेळणाऱ्या मुलाला मी आधी दुसऱ्या चालीचे एफ४ देतो. व्हिएन्नामध्ये काळ्याला प्यादे घेऊन ते राखण्याचा मोह टाळावाच लागतो, त्यामुळे पांढऱ्यालाही प्यादे मागे असताना खेळण्याची वेळ फारशी येत नाही, आणि मला नेमकी तीच वेळ त्याच्यावर आणायची असते. माझ्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी अशी सात-आठ वेळा ही सुरुवात खेळली. त्यातले निकाल संमिश्र होते. डी५ खेळणाऱ्या दोघांनी त्याला अगदी कंटाळवाणी बरोबरी दिली, एकाने त्याला चक्क चिरडले, आणि घरी येताना त्याने मला विचारलेला प्रश्न असा होता की जी५ च्या फाट्यात काळ्याने अकराव्या चालीला प्यादे परत दिले नसते तर काय झाले असते.